एकेचाळीस नंबरची पिशवी

पिशवी जशीच्या तशी होती.

तुळजाबाईने खोरे बाजूला ठेवले आणि ती मातीतून ओढून काढली. झटकली. वर छापलेले हिरवे पान अजून चकाकत होते. शेजारी पुरलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर आकडा होता, एकेचाळीस. तिने तो दोनदा वाचला.

पिरंगुटच्या या कारखान्यात मक्यापासून केलेल्या दाण्याच्या पिशव्या व्हायच्या. प्रत्येक लॉटची एक पिशवी शेडमागच्या खताच्या खड्ड्यात पुरायची आणि नव्वद दिवसांनी उकरायची, असा नियम होता. चाळीसची पिशवी मातीने खाऊन टाकली होती. एकेचाळीसची मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

तिने ती नेऊन मालकाच्या टेबलावर ठेवली.

अमोघ तिशीतला, इंजिनिअर. त्याने पिशवीचा तुकडा कापला आणि पाण्याच्या पेल्यात बोटाने दाबून धरला. बोट काढताच तुकडा वर आला.

"मक्याचा असता तर बुडाला असता," तो म्हणाला. "हे साधं प्लास्टिक आहे, मावशी. कोणीतरी दाणा बदललाय."

मिठाईवाले, बेकरीवाले, कपड्यांची दुकाने, सगळ्यांना आता कुजणारीच पिशवी हवी होती. पुण्याचे एक मोठे गिऱ्हाईक वर्षभराची मागणी नोंदवणार होते. त्यांचा माणूस आज चार वाजता हाच खड्डा बघायला येणार होता.

"गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असते," अमोघ दाराकडे बघून म्हणाला.

दारात स्नेहल उभी होती. गोदाम तिच्या ताब्यात. लातूरहून दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेली, माले गावात तुळजाबाईच्याच घरामागच्या खोलीत राहणारी.

"सर, मी काही केलं नाही. पोलिसांत नाव गेलं तर मला पुन्हा दारात कोण उभं करेल?"

"चार वाजता त्यांना उत्तर द्यायचंय. तक्रार लिहून ठेवलीय मी."

"मग चारपतुर थांबा," तुळजाबाई म्हणाली. "आत्ताशी एक वाजलाय."

पॅकिंगच्या बायकांत ती सर्वांत जुनी. पिशव्यांचे तळ चिकटवणाऱ्या तापल्या पट्टीने तिच्या बोटांची टोके केव्हाच मेली होती. गरम कळत नसे, टोचलेले कळत नसे. हळूहळू आतही तसेच झाले होते. त्याचे तिला नवल वाटत नसे.

ती आधी भैरूकडे गेली. दाणा वितळवून त्याचा उंच फुगा काढणारे यंत्र तो चालवायचा.

"एकेचाळीसच्या दिवशी येगळं काय झालं व्हतं का रं?"

"काकी, तीन महिने झालं. मला कालची भाजी आठवत न्हाई."

"नीट आठव. त्या पोरीचं नाव जातंय."

भैरू गंभीर झाला. "वास न्हवता. रोज कसा भाजल्या मक्याचा वास सुटतो, तसा न्हवता. मला वाटलं, मला सर्दी झालीया. बायकोनं काढाबी पाजला."

"आन पोती?"

"ती लई दमवून गेली. एरवी दोरा ओढला की तोंड सर्रकन सुटतं. त्या दिवशी सुटंना. मग मी पोटातच ब्लेड मारलं."

फाटकाशी टेम्पो थांबला. तिचा मुलगा किशोर उतरला. पनवेलच्या कंपनीच्या गोदामातून कारखान्याचा दाणा तोच आणायचा. उजव्या हातात चहाचा पेला, डाव्या हाताने त्याने फाटकावरच्या वहीत सही केली.

"आये, आज समद्यांची तोंडं का उतरल्यात?"

"एकेचाळीसची पिशवी कुजली न्हाई."

"मशीन बिघडलं आसंल. न्हायतर तुझ्या भाडेकरणीला इच्यार. किल्ली तिच्याकडं."

"तू आणलास तवा माल बरा व्हता?"

"आगं, कंपनीची सीलबंद पोती. मी काय आत तोंड घालून बघतो व्हय?"

तो हसला. तुळजाबाई गोदामाकडे वळली.

स्नेहल वजनकाट्याशी बसली होती. डोळे सुजले होते.

"पोरी, तो माल आला तवा तू काय केलंस? समदं सांग."

"चाळीस पोती आली. एकेक वजन केलं. प्रत्येक बरोबर पंचवीस किलो. मग रचली."

"कुणी उचलली?"

"मीच. हमाल नव्हता त्या दिवशी. वरच्या आठ पोत्यांना कान होते, ती धरायला सोपी गेली. बाकीच्यांनी नखं तुटली माझी."

"काय व्हतं?"

"कान. कोपऱ्यांना गाठोडी असतात ना, धरायला? तुमच्या घरी तांदळाच्या पोत्यांना असतात तशी."

तुळजाबाईने वर माळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "माळ्याची शिडी धर."

पिशवी कुजते असे प्रमाणपत्र देणारे कधीही मागतात म्हणून रिकामी पोती लॉटप्रमाणे बांधून माळ्यावर ठेवलेली असायची. एका लॉटला आठ पोती लागत; एकेचाळीसच्या गठ्ठ्यातली आठही कानवाली होती. पोटात फाडलेली, तोंडे शाबूत. तिने टाक्यांवरून बोट फिरवले. बोटाला काही कळले नाही. मग तिने एक पोते उजेडात धरले आणि डोळ्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

पावणेचारला सगळे अमोघच्या खोलीत होते. किशोर दाराला टेकून उभा होता.

तुळजाबाईने दोन पोती टेबलावर टाकली.

"ह्ये कंपनीचं. मशीनची शिवण, सरळ, कोपरं सपाट. ह्ये एकेचाळीसचं. दाभणानं हातानं शिवलंय, दोन्ही कोपऱ्यांना कान काढल्यात. मशीन कान काढत न्हाई, साहेब. आमच्या मावळात तांदळाचं पोतं शिवणारा माणूस काढतो. त्याला न काढता येतच न्हाई. हातच तसा वळतो."

"म्हणजे पोती उघडून पुन्हा शिवली," अमोघ म्हणाला. "ते गोदामातही करता येईल."

"आलं आसतं. पर स्नेहलनं वजन केलं तवाच कान व्हते. कानाला धरूनच तिनं ती काट्यावर ठेवली. तिनं शिवली आसती तर कानाचं नावबी काढलं नसतं. तिला ठावंच न्हाई की ती चूक हाय. भैरूनं पोटात ब्लेड मारलं, तोंडाला हात लावला न्हाई. पनवेलला पोती मशीननं शिवून निघाली, हितं कान घिऊन उतरली. मधी फकस्त रस्ता हाय."

किशोर दारापासून सरळ झाला. "आये, कान तर अख्खा मावळ काढतो. रस्त्यात चहाला थांबलो आसंन, कुणीबी केलं आसंल."

"आठ पोती? चहा पिऊस्तोर?"



तिने पोते उजेडाकडे फिरवले. "आमची समद्यांची शिवण उजवीकडं कलती. ही बघा, डावीकडं. डावऱ्या माणसाची. आमच्या घरात एक डावरा हाय. शेजारी बसून शिकवलं तर त्याला यायचं न्हाई. म्हणून मी समोर बसले. आरशात बघावं तसं माझं बघून त्यो उलटं शिकला." तिचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. "गाठबी माझीच हाय. तीन येढ्यांची."



"आठच पोती व्हती," किशोर म्हणाला. "चाकणला एकजण मागत व्हता. ह्या दाण्याला आता कुणीबी गिऱ्हाईक हाय. मला माझी सोताची गाडी करायची व्हती. एका लॉटनं काय व्हतंय, वाटलं. आये, तू गप बसली आसतीस तर?"

"तर ही गेली आसती."

अमोघने लिहून ठेवलेला कागद फाडला. नवा घेतला. पेन हातात धरून तो थांबला.

"मावशी, मी फक्त वाहनचालक असं लिहू शकतो."

"नाव लिवा, साहेब. नुसतं चालक म्हटलं तर लोक पुन्हा हिच्याकडंच बघतील."

त्याने नाव लिहिले. चारला गिऱ्हाइकाचा माणूस आला. अमोघने त्याला खड्डा दाखवला, पोती दाखवली, सगळे सांगितले. मागणीचे तो पुढच्या आठवड्यात कळवणार होता. साडेचारला पोलिसांची गाडी आली. जाताना किशोरने मागे पाहिले. तुळजाबाई तळ चिकटवत होती, पाळी संपायला अजून अर्धा तास होता.

सुटल्यावर ती आणि स्नेहल थांब्यावर उभ्या राहिल्या.

"मावशी, मी खोली सोडू का? तुमच्या घरात मी कशी राहू आता?"

"तू काय केलंयस, सोडायला?"

स्नेहल तोंडाला ओढणी लावून रडू लागली. येणारेजाणारे वळून बघत होते. तुळजाबाई पुढे आलेल्या बसची पाटी वाचत होती, एकेक अक्षर लावून.

"पौडची हाय," ती म्हणाली. "तिथनं माल्याची घिऊ." तिने स्नेहलचा हात धरला. "चल."