शिवेवरची बदली

दिवा थोडा मोठा करा, मग सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, शेवटी तुमची इच्छा राहणार नाही.

छप्पन सालची गोष्ट. आम्ही घाटकोपरला टेकडीखालच्या चाळीत राहत होतो. दिवेलागणीला माझ्या बायकोनं, कुंदानं, मला शेजारी विळी मागायला पाठवलं, काम एवढंच. शेजारी मार्तंड धारगळकर राहायचे. चाळ त्यांना मास्तर म्हणे. गोव्यातले मोठे अभ्यासक. पोर्तुगीज सरकारविरुद्ध भाषण केलं म्हणून हद्दपार झालेले; तिकडे पाऊल ठेवलं की तुरुंग. गावात म्हातारी आई एकटी. तिला पत्र लिहायचीही सोय नव्हती. पोलीस पत्र फोडत आणि घेणाऱ्याला चौकीवर नेत.

मास्तर आपल्या गावाचं गाऱ्हाणं लिहून काढत होते. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावानं देवापुढे उभं राहायचं, एकानं देवांची नावं घेत मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर ओळीला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. ते तोंडपाठ असलेला घाडी, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा गावचा मानकरी, वारला होता. आता ते फक्त मास्तरांच्या डोक्यात उरलं होतं आणि तिथंही एक भोक पडलं होतं. हातात घुंगूरकाठी घेऊन दक्षिणेच्या शिवेवर राखण करणाऱ्या देवचाराचं नाव त्यांना आठवेना. “एक नाव गेलं की गाव त्या बाजूनं उघडं पडलं,” म्हणायचे. मी एकदा विचारलं, तुमचा देवचारावर विश्वास आहे? तर खेकसले, “विश्वास घेऊन काय करू? मला पाठ पुरा हवाय!”

“विळी नंतर. आधी बसा,” मला दारात पाहताच मास्तर म्हणाले. “ओ द्यायला माणसं कमी पडताहेत. ओ मिळाली नाही तर मला पुढची ओळ सुचत नाही.”

आत लवू आधीच मांडी घालून बसला होता. तो मालवणचा, गिरणीत कामाला. त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं, हा नुकता कामावरून आलाय आणि याला अजून चहा मिळालेला नाही.

मास्तर सुरू झाले. एकेक देव येई, आम्ही दोघं “होय म्हाराजा” म्हणू. उजेड ओसरला, पण दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही. मग कुठूनसा सुरंगीच्या फुलांचा वास आला. घाटकोपरात सुरंगी! आमच्याकडे वास यायचा तो गटाराचा. जिन्यात घुंगूर बांधलेली काठी टेकवत कुणी चढावं तसा आवाज झाला आणि थांबला.

पुढच्या ओळीला ‘होय म्हाराजा’ तिघांनी म्हटलं.

तिसरा आवाज मागून, पाण्याच्या पिंपाकडून आला होता. जाडा, खोल. मी लवूकडे पाहिलं, लवूनं माझ्याकडे. मास्तर मात्र खूश. “वा! आता कसा आवाज भरला!”

गाऱ्हाणं दक्षिण शिवेपाशी येऊन अडलं. मास्तरांनी अंदाजानं एक नाव घेतलं. पिंपाकडे शांतता. दुसरं घेतलं. शांतता. मग त्या कोपऱ्यातून हळूच एक नाव आलं. ते मी इथं घेणार नाही.

दुसरा कुणी असता तर विळी टाकून पळाला असता. माझ्याकडे विळीही नव्हती आणि पायही नव्हते. मास्तरांनी मात्र मागं वळूनसुद्धा न पाहता टाक शाईत बुडवला. शब्द कुणी सांगितला, त्याचं गाव कोणतं, त्याला कुणी धाडलं, हे लिहिल्याशिवाय ते पुढं जात नसत. नाहीतर पुण्याचे विद्वान सोलून काढतील म्हणायचे.

“सांगणाऱ्याचं गाव?”

“मास्तर...” मी कुजबुजलो, “मागं... कुणी नाहीये...”

“गप्प बसा हो! गाव?”

“तुजोच.”

“कुणी धाडलं?”

“तुजे आवयन.”

टाक थांबला. आईनं धाडलेलं! मास्तरांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “मग... थंय शीम कोण राखता?”

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. “तुजी आवय.”

“आवशीक बदलीवर घातल्यान...” लवू पुटपुटला. गिरणीत कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली उभा करतात; देवचार इथं आला म्हणून तिथं शिवेवर आई, लवूला तेवढंच सुचलं.

मास्तर खो खो हसले. त्यांच्या आईनं एकदा पोर्तुगीज शिपायाला केरसुणीनं अंगणाबाहेर काढलं होतं. तिला शीव काय जड! मग हसता हसता त्यांनी टाक खाली ठेवला.

“लवू, ह्या कामावर जिवंत माणसाला घेतात का रे?”

“माका म्हायत नाय, मास्तर,” लवू जमिनीकडे बघत म्हणाला.

दिवाळीनंतर त्यांच्या गावचा धोंडू चोरवाटेनं हद्द ओलांडून आला. मी तिथंच होतो. मास्तरांनी त्याला बसूही दिलं नाही. “आई कशी आहे?”

“बरी! आमच्याहून बरी! निघालो तेव्हा सांजवेळी शिवेवरच भेटली, हातात काठी. म्हणाली, ‘पोराक सांग, घाय करूं नाका. हांव आसां.’”

‘मी आहे’ हा आईचा निरोप ऐकून मास्तर ढसाढसा रडले. मलाही भरून आलं. किती दिवस छातीवर दगड होता, तो उतरला. मी सहज विचारलं, “घरी सगळं ठीक ना?”

“घरीही गेलो होतो, दिवसाचा...” धोंडू अडखळला. “दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, पावसापासून कुणी उघडलंच नाही.”

मास्तरांनी डोळे पुसले. हे त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांनी एकच विचारलं, “शिवेवर काटे फार. तिच्या पायांत वहाणा होत्या ना रे?”

धोंडू आठवू लागला.

“पाय...” तो म्हणाला. “पाय काही दिसले नाहीत, मास्तर.”