बारवेची वरची पायरी

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात आरोग्य सेवक म्हणून काढली. भूत लागलं म्हणून आणलेली माणसं हिवतापाच्या गोळ्यांनी बरी केली. भुताखेतांच्या गप्पा मी हसण्यावारी नेतो.

पण ही एक गोष्ट नेता येत नाही.

तारीख १४ मे १९८५, मंगळवार. वेळ रात्रीची नाही, भर दुपारी बाराची. चाकूरपासून दोन कोसांवरचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथे लोक राहतात, त्यांना लेकीबाळींची लग्नं करायची असतात.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या. पाणी फक्त गावाबाहेरच्या बारवेत. चाळीस पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय टाकायचा आणि घागर भरायची.

आणि गावात नारू होता.

आजच्या पोरांना नारू माहीत नाही, हे बरंच आहे. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखी पांढरी अळी बाहेर येते. ती काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायची. तुटली तर पाय सडतो. असा पाय पाण्यात पडला की अळी पाण्यात पिलं सोडते. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात आणि माणसं ते पाणी पितात. आज प्यालेलं पाणी पुढच्या वर्षी पायातून बाहेर येतं.

म्हणून माझं काम सोपं होतं. बारवेत किडे मारायचं औषध टाकायचं, पाणी गाळून प्या म्हणून सांगायचं, आणि नारूवाल्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात पंचफुलाच्या पायातून नारू निघाला होता.

बौद्ध वस्तीतली एकटी बाई. नवरा कामाला मुंबईकडे गेलेला. मी तिला बारवेवरच गाठलं आणि चार बायांसमोर झापलं.

"पायरी उतरायची नाही! वर थांबायचं. दुसऱ्या बाया तुला पाणी वाढतील."

तिनं घागर खाली टेकवली.

"डाक्टर, माजी माय जलमभर वरच्या पायरीवर थांबली. कोनी वाढलं तर पानी, न्हाई तर न्हाई. आमी आत्ता कुठं खाली उतराय लागलो, आन् तुमी परत वर धाडून ऱ्हायलात?"

मी डॉक्टर नव्हतो, पण खेड्यात ज्याच्या हातात पिशवी तो डॉक्टर. त्या पिशवीची मला तेव्हा भारी मिजास होती.

"जातीचा प्रश्न नाही, बाई. रोगाचा आहे. तू उतरलीस तर सगळ्या गावाला नारू होईल. मी हाव म्हणेपर्यंत उतरायचं नाही. चार दिवसांनी येतो."

"हाव," ती म्हणाली. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात.

भामाबाई नावाच्या बाईला मी तिच्या पाण्याचं सांगितलं. वहीत लिहिलं, 'रुग्णास सूचना दिली.' आणि गेलो.

नवा जिल्हा झाला होता. रोज नवी मीटिंग, नवे तक्ते. चार दिवसांचे नऊ झाले.

नवव्या दिवशी गेलो तेव्हा पंचफुलाला जाऊन तीन दिवस झाले होते. भामाबाई माहेरी गेली होती. बाकीच्या बायांना वाटलं, कोणीतरी वाढत असेल. पंचफुला वरच्या पायरीवर सापडली, शेजारी कोरडी घागर. लोक म्हणाले, ऊन लागलं.

ती उतरली नव्हती. मी हाव म्हटलं नव्हतं ना.

आता ती चौदा तारीख.

मी एकटाच बारवेच्या तळाशी होतो. काठीनं पाणी मोजलं. काठीवर खडूनं खूण केली. कोनाड्यांत कबुतरं घुमत होती.

आणि एकदम गप्प झाली...

टण्.

वर दगडावर रिकामी घागर टेकल्याचा आवाज.

मी वर पाहिलं. पायरीवर ऊन होतं. माणूस नव्हता.

"डाक्टर... उतरू का?"

आवाज मी ओळखला. पंचफुलाचा.

"डाक्टर... उतरू का?"

सहाशे माणसांचं एकुलतं पाणी माझ्या पायाशी होतं. हाव म्हणावं तर तो पाय त्या पाण्यात पडणार. नाही म्हणावं तर त्या बाईला मी दुसऱ्यांदा तहानेनं मारणार. मेलेल्या माणसाला कसला रोग, असं स्वतःला समजावलं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचीही खात्री नव्हती.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा तो अगदी कोरडा होता.

"उतर, बाई," मी म्हणालो. "माझं चुकलं. उतर."

पावलं वाजली. एक नीट, एक घासत... एक नीट, एक घासत. चाळीस पायऱ्या. मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. पावलं माझ्या अंगावरून गेली.

पाणी हललं.

मग कोणीतरी पिऊ लागलं. ओंजळीनं. किती वेळ, सांगता येत नाही.

डोळे उघडले तेव्हा कबुतरं पुन्हा घुमत होती. मी काठी पाण्यात घातली. खुणेपासून पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

औषध टाकलं आणि थेट सरपंचाकडे, हणमंतरावांकडे गेलो. पंधरा दिवस बारव बंद ठेवा म्हणालो.

"मंग प्यावं काय? तुमचं अवशद?" ते हसले.

बारव चालूच राहिली. आणि मी वर्षभर दिवस मोजले. प्रत्येक घोटाबरोबर मी त्या गावाला काय पाजलं होतं, ते पुढच्या मे महिन्यात कळणार होतं.

मे १९८६. मी घरोघर फिरून पाय तपासले. म्हाताऱ्यांचे, लेकरांचे, सगळ्यांचे.

गावात एकही नारू नाही.

मी ओट्यावर बसून रडलो. लोकांना वाटलं, डाक्टरला ऊन लागलं.

आठव्या दिवशी माझ्या उजव्या पायाला आग सुटली. घोट्याजवळ फोड आला... फुटला. आतून पांढरा दोरा डोकावला.

त्या गावचं पाणी मी थेंबभर प्यालो नव्हतो. माझा फिरकीचा तांब्या घरून भरून यायचा. वहीत मला माझंच नाव लिहावं लागलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'रुग्णास सूचना दिली.'

औषध टाकायला गावचा कोतवाल शेषेराव खाली उतरला. मी काठी टेकत वरच्या पायरीवर थांबलो. भर दुपार होती.

कबुतरं गप्प झाली...

खालून बाईचा आवाज आला. शांत, जराही राग नसलेला.

"डाक्टर, मी हाव म्हनेपर्यंत उतरायचं न्हाई."

शेषेराव वर आला. मी विचारलं, "खाली कोण बाई होती?"

"बाई? कोनीबी न्हाई. काय इचारून ऱ्हायलात?"

नारू तेवीस दिवसांत निघाला. पुढे गावात हातपंप आला, बारवेवर स्लॅब पडला. देशातूनही नारू गेला, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण मी त्या दिवसापासून पाण्याच्या एकाही पायरीवर उतरलेलो नाही.

मागच्या वर्षी आई गेली. अस्थी घेऊन नांदेडला गोदावरीवर गेलो. थोरला मुलगा मी. भाऊ पाण्यात उभा राहून हाका मारत होता, "दादा, उतरा की! आई वाट बघतीय."

मी वरच्या पायरीवर मडकं छातीशी धरून उभा होतो. कान देऊन ऐकत होतो.

कोणी हाव म्हणालं नाही.

शेवटी भावानं वर येऊन माझ्या हातातून मडकं घेतलं.