लाल खडूची फुली

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात पदरचं काहीही घातलेलं नाही. माझी मेहुणी झोरा हिच्यावर हे गुदरलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

स्लोव्हेनियातलं क्रोपा गाव. नोव्हेंबरातला शनिवार, भर दुपारचे दोन.

झोरा जिथे मशीन चालवते त्या कारखान्यात रोपवेच्या खांबांचे बोल्ट बनत होते. झोराचा नवरा मातिया त्याच रोपवेवर मेकॅनिक.

रोलिंग मशीन आटे कापत नाही, दोन डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यांमध्ये, सळई दाबून उठवतं. सळई केसभर जरी जाड निघाली तरी आट्यांवर पापुद्रे सुटतात आणि बोल्ट ताणाखाली तुटू शकतो. म्हणून सळयांचा नवा गठ्ठा फोडला की आधी माप घ्यायचं. हे तिला कारखान्यातले जुने कारागीर पोल्डेकाका यांनी शिकवलं. काका वाईट नगावर लाल खडूनं फुली मारायचे आणि मशीनवर पान्यानं दोनदा ठोकायचे. म्हणजे थांबा.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

झोरानं नवा गठ्ठा फोडला.

"माप घेतेस ना गं?" जेवायला निघालेल्या विन्कोनं, मशीनवरच्या तिच्या जोडीदारानं, विचारलं.

"तू गिळून ये. मला तीनला घर गाठायचंय."

"काका असते तर कान पिळला असता!"

"नाहीयेत ना? मग झालं."

तिनं मशीन चालू केलं. पन्नासेक बोल्ट पडले, आणि...

ठक. ठक.

"विन्को, फाजीलपणा पुरे!"

तिनं वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

पुन्हा... ठक. ठक. या वेळी अगदी तिच्या कोपराशी.

मग मशीनच बंद पडलं. बटणाला तिचा हातही लागला नव्हता.

ट्रेमध्ये सगळ्यात वरच्या बोल्टवर... लाल फुली होती. तेलानं निथळणाऱ्या लोखंडावर खडू उमटतच नाही!

तिनं सळई मापली. जाड होती. भिंगाखाली एकूण एक बोल्ट पापुद्र्यांचा. मातियाचा जीव त्याच बोल्टांवर लटकणार होता. ती रडली. विन्को परतल्यावर दोघांनी सगळे बोल्ट भंगाराच्या ट्रकमध्ये टाकले. ट्रक भट्टीकडे गेलेला दोघांनी पाहिला.

नवव्या दिवशी, सोमवारी, मातिया कॉफी पिऊन उठला, आणि जेवणाच्या टेबलावर...

ठक. ठक.

"ऐकलंस?" झोरानं विचारलं.

"काय?"

"आज वर जाऊ नकोस रे."

"अगं, दहाव्या खांबाचा बोल्ट बदलायचाय. हा बघ."

त्यानं खिशातून बोल्ट काढला. त्यावर लाल फुली होती.

"कुठून आणलास?"

"वरच्या रोपवेच्या स्टोअरमधून. काल खोकं भरलेलं होतं."

दोघं धावतच वर गेले. खोकं रिकामं होतं.

रोपवे चार दिवस बंद ठेवला. प्रत्येक खांबाचा प्रत्येक बोल्ट काढून तपासला. सगळे चांगले निघाले.

खोक्यातले कुठे गेले, ते आजवर कळलेलं नाही.

मातिया रोज वर जातो. झोरा दिवसभर कान टवकारून बसते. परवा मला म्हणाली, "काकांनी पुढच्या वेळी वर खांबावरच ठोकलं, तर मला ऐकू येईल का हो?"