सोमाचा गुरमाळा

यातला एकही शब्द पदरचा नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, त्या निसार मिस्त्रीने मरेपर्यंत यातलं एक अक्षर बदललं नाही.

भुतं रात्रीच येतात असं समजणाऱ्यांनी तर वाचाच.

१९३७ सालचा मे. शुक्रवार. भर दुपार.

देवळाली कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्याचं काम चालू होतं. निसारने दोन खोल्यांत सिमेंटचा कोबा टाकला होता. कोबा ओला आहे तोवरच त्यावर गुरमाळा, म्हणजे घोटायचं सपाट लोखंडी हत्यार, फिरवायचा. वेळ गेली की जमीन खरबरीत राहते ती कायमची.

पूर्वी जुम्म्याच्या नमाजाला जाताना निसारला घोर नसे. मागे हाताखालचा सोमा असायचा. पेठकडचा, डावखुरा, अबोल.

"तुम्ही जा मिस्त्री. मी घोटतो ना."

मागच्या वर्षी निसारने माल कालवताना पाणी जास्त घातलं. जमीन तडकली. ठेकेदार धोंडीराम जाब विचारायला आला, तेव्हा निसारने सरळ सोमाकडे बोट दाखवलं. धोंडीरामने सोमाला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

सोमाने एकदाच निसारकडे पाहिलं. गुरमाळा खाली ठेवला आणि गेला.

चार महिन्यांनी निरोप आला. सोमा तापाने गेला होता.

त्याचा गुरमाळा निसारच्या पिशवीतच राहिला.

त्या शुक्रवारी निसार नमाजाला गेला, तो गुरमाळा उंबऱ्यावर ठेवून. लगेच येऊ म्हणाला, पण उशीर झाला. ऊन रणरणत होतं. कोबा हातचा गेला असणार, आणि धोंडीराम आपल्यालाही घरचा रस्ता दाखवणार, या धास्तीने तो पळतच आला.

मजूर लांब झाडाखाली भाकरी खात होते.

उंबऱ्यावर गुरमाळा नव्हता...

बाहेरच्या खोलीची जमीन आरशासारखी घोटलेली होती. पाऊल कुठेच उमटलेलं नव्हतं. हाताचे फेरे मात्र उलटे होते.

डाव्या हाताचे.

आतल्या खोलीतून आवाज येत होता.

खर्र... खर्र...

"लय झ्याक झालंय, मिस्त्री." मागे धोंडीराम उभा होता. "हात कुणाचा?"

त्याला तो आवाज ऐकूच येत नव्हता.

सोमाचं नाव निसारच्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत.

"माझाच," तो म्हणाला.

आवाज थांबला.

दोघांनी बाहेरून आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. अर्धी जमीन गुळगुळीत होती, अर्धी खरबरीत. ऐन मध्यावर गुरमाळा पडला होता.

"ही अर्धी कुणी सोडली?" धोंडीरामने विचारलं.

बोट दाखवायला आता कोणी नव्हतं.

"चूक माझी," निसार म्हणाला. "मागची तडकली तीपण माझ्यामुळंच. सोमाचा काही दोष नव्हता."



"आता मला सांगून काय उपेग?"

निसारला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण भुताला नाही, स्वतःच्या तोंडाला घाबरायला हवं, असं त्याला वाटलं.

पुढे वीस वर्षं त्याने काम केलं. दर शुक्रवारी तो थोडा कोबा न घोटता ठेवायचा, शेजारी सोमाचा गुरमाळा ठेवायचा आणि नमाजाला जायचा.

परत यायचा तेव्हा जमीन खरबरीतच असायची. गुरमाळा ठेवल्या जागी.

त्याची लाकडी मूठ मात्र... दर वेळी घामाने ओली.

निसार मग तिथेच बसून राहायचा आणि मान वर करायचा नाही.