वीणेचं सील आणि तीन कुलपांचा डबा

"ताईआजींच्या पत्राचं उत्तर आलं?"

"नाही!"

"फोन तरी?"

"नाही!"

"मग निदान—"

"नाही, नाही आणि नाही! पुष्कर, आणखी एकदा विचारलंस तर हे गरम मेण तुझ्या नाकावर ओतीन!" मनवा चमचा उगारून ओरडली.

पुष्करने मुकाट्याने नाक झाकलं. मोठ्या बहिणीची धमकी पोकळ नव्हती. चमच्यातलं मेण खरंच गरम होतं.

पूर्वरंग फार लांबवत नाही, पण ही भानगड सुरू कशी झाली ते आधी सांगायला हवं. मनवाला वाढदिवसाला मामाने पत्रावर सील लावायचं सामान दिलं होतं. लाल मेणाचे दाणे, छोटा चमचा, दिवा आणि पितळेचा ठसा. ठशावर कोरली होती वीणा. दाणे चमच्यात वितळवायचे, पाकिटावर थेंब पाडायचा, ठसा बर्फावर गार करायचा आणि दाबायचा. गार ठसा मेणाला चिकटत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गिरगावातल्या त्यांच्या चाळीत एकही पाकीट सीलाशिवाय सुटलं नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा!

शेजारच्या सरोजिनीताई कीर्तनकार होत्या. सगळी पोरं त्यांना ताईआजी म्हणत. त्या हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की देवळातली लहान मुलंसुद्धा चुळबूळ विसरत. पण दोन वर्षं त्या उभ्याच राहिल्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांना पेटीवर साथ करणाऱ्या कुशाबांशी त्यांचं बिनसलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या पेटीवर त्यांचा सूर लागत नव्हता. आता शनिवारी गल्लीतल्या रामाच्या देवळात त्यांचं कीर्तन ठरलं होतं. त्यांनी कुशाबांना दोन पानी पत्र लिहिलं.

"ताईआजी, वर सील लावूया ना! किती भारदस्त दिसेल!" असं म्हणणारी मनवाच होती.

त्याला बारा दिवस झाले. आज गुरुवार. सकाळी ताईआजी शांतपणे म्हणाल्या होत्या, "आज सहापर्यंत वाट बघते. नाहीतर देवळात सांगते, दुसरं कुणीतरी उभं करा. आणि यानंतर मला कुणी विचारूही नका."

"म्हणजे कायमचं बंद?" हे ऐकताच वरळी कोळीवाड्याहून आलेली ऋतिका किंचाळली. ती मनवाच्या वर्गातली, सुट्टीतही रोज हजर. "आणि तुम्ही दोघं इथे मेण काय वितळवत बसलाय? माझ्या आईला कुणी शब्द देऊन आलं नाही, तर ती वाट बघत बसत नाही. थेट त्याच्या दारात! चला, उठा!"

दुपारी दोन वाजता तिघं लालबागला हरिनिवास चाळीत पोचली. मनवाच्या पाठीवर सीलाच्या सामानाची पिशवी होतीच. ती कुठे जाताना पिशवी घरी ठेवत नसे.

कुशाबा दुसऱ्या मजल्यावर राहत. गिरणीत आयुष्य गेलेला उंच, वाळका माणूस. कोपऱ्यात पेटी होती, वर धुतलेलं पांढरं फडकं.

"पत्र? कसलं पत्र?" ते म्हणाले. "मला काही मिळालं नाही."

"ताईआजींनी लिहिलंय! बारा दिवस झाले!" पुष्कर म्हणाला. "आजोबा, शनिवारी तुम्ही या ना, प्लीज!"

"काय लिहिलंय पत्रात?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्याचं पत्र कोण वाचतं?

"मग कशाच्या जोरावर बोलावताय?" कुशाबांचा आवाज कोरडा झाला. "भर देवळात बाई मला म्हणाल्या, कुशाबा, कीर्तन पेटीसाठी नसतं, पेटी कीर्तनासाठी असते. सगळी माणसं हसली. आता पोरांच्या तोंडच्या निरोपावर मी पेटी उचलून यायचं? पत्र लिहिलंय ना? मग पत्र दाखवा."

मनवाने जिन्यात येऊन ताईआजींना फोन लावला. बंद! दुपारी त्यांचा जप असतो. "आणि त्या पुन्हा लिहायच्याही नाहीत," ती कळवळून म्हणाली. "म्हणाल्या होत्या, एकदाच काय ते उतरलं, दुसऱ्यांदा असं उतरणार नाही. ऋतिका, पत्र गेलं कुठे?"

"इथलं टपाल कोण घेतं?"

टपाल तळमजल्यावरच्या समितीच्या कचेरीत येई आणि सेक्रेटरी वसंतराव ते वाटत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले वसंतराव तीन रंगांची पेनं खिशात लावून बसले होते.

"लाल लाखेचं सील? वीणा? होतं की!" ते अभिमानाने म्हणाले. "सुरक्षित ठेवलंय."

"ठेवलंय? का?!" तिघं एकदम ओरडली.

वसंतरावांनी कोपऱ्यातल्या लोखंडी डब्याकडे बोट दाखवलं. वर पाकीट टाकायची फट, पुढे तीन कुलपं. "आपली चाळ पुनर्विकासाला जातेय. बिल्डरांच्या निविदा सीलबंद येतात. कुशाबा समितीचे सदस्य. सदस्याच्या नावाने लाखेचं पाकीट आलं म्हणजे काय? निविदा! मागच्या दाराने!"

"अहो काका, साधी चिठ्ठी आहे ती!"

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग उघडा!"

"सभेशिवाय उघडता येत नाही."

"सभा कधी आहे?"

"निविदा आल्या की."

"आल्या आहेत का?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

पुष्करने भिंतीवर डोकं टेकलं.

"निदान डबा तरी उघडून बघा ना," ऋतिका दात आवळून म्हणाली.

"तीन किल्ल्या लागतात. एक माझी, एक खजिनदार दौलतची, एक अध्यक्षबाईंची. आणि दौलतशी मी बोलत नाही. त्याने चपलांचं कपाट माझ्या दारात सरकवलंय."

पहिल्या मजल्यावर दौलतकाका गॅलरीत पंखा हलवत बसले होते. "किल्ली आसा माझ्याकडे. पण त्याने स्वतः येऊन मागूक होई. सात महिने झाले, तोंड उघडूक नाय मेल्याने!"

तिसऱ्या मजल्यावर अध्यक्ष मृणालिनीबाईंनी दार इंचभर उघडलं. "त्या दोघांनी एकत्र येऊन सांगितलं तरच मी खाली येईन. ते एकत्र येणार नाहीत, म्हणजे मी झोपते." दार बंद!

जिन्याच्या पायरीवर तिघं मटकन बसली. साडेतीन वाजले होते.

"काय माणसं आहेत ही!" मनवा चिडून जवळजवळ रडायला आली. "तीन किल्ल्या, तीन रुसवे! आणि चूक माझी. मी ते सील लावलंच नसतं, तर पत्र अकरा दिवसांपूर्वी मिळालं असतं!"

"रडू नको गं," ऋतिका म्हणाली. मग तिने खाली कचेरीच्या दिशेने पाहिलं. "मनवा, वसंतकाका सीलाला घाबरतात ना? आणि त्या डब्याची फट केवढी आहे?"

"बोटभर."

"आणि जाडजूड सील लावलेलं पाकीट त्यात गेलंच नाही, तर?"

मनवाने डोळे पुसले. मग ती ताडकन उठली. "पुष्कर! आजोबांकडून बर्फ माग. खाऊ नको!"

कुशाबांनी काही न विचारता एक्स-रेचं मोठं रिकामं पाकीट दिलं. बर्फ दिला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवा लागला.

"आत काय घालायचं? खोटी निविदा?" पुष्करचे डोळे चमकले.

"मुळीच नाही!" मनवा म्हणाली. "ताईआजींना कळलं तर कान पिळतील. खोटं एक अक्षर लिहायचं नाही." तिने कोऱ्या कागदावर खरा अर्ज लिहिला, सही केली, आणि पाकिटावर पत्ता घातला: 'मा. समिती, हरिनिवास चाळ'.

मग सीलं! एकावर एक तीन थर मेण, प्रत्येक सील पेढ्याएवढं जाड. एक, दोन, चार, आठ! पाकिटाची घडीसुद्धा घालता येईना. दाण्यांची बरणी रिकामी झाली. बर्फाचे दोन खडे कसे कमी झाले, ते पुष्करलाच ठाऊक.

पाच वाजता पाकीट वसंतरावांच्या टेबलावर पडलं.

"समितीला द्यायचंय," ऋतिका साळसूदपणे म्हणाली.

वसंतराव उभेच राहिले. "आठ सीलं! मोठी कंपनी दिसतेय!" त्यांनी वहीत नोंद केली, हिरव्या पेनाने खूण केली आणि पाकीट फटीत सरकवलं.

जाईना! आडवं केलं. जाईना! तिरकं केलं. कर्रर्र!

"काका, सांभाळून! सील मोडलं तर?" पुष्कर म्हणाला.

वसंतरावांना घाम फुटला. "मोडलं तर जबाबदारी माझी! बाहेर ठेवून चोरीला गेलं तर तीही माझीच! आत टाकायलाच हवं. पण डबा उघडल्याशिवाय..." त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, पाकीट छातीशी धरलं आणि तरातरा पहिल्या मजल्यावर गेले. मागोमाग तिघं.

"दौलत." सात महिन्यांनी पहिला शब्द! "किल्ली आण."

दौलतकाकांचा पंखा थांबला. "कसली?"

"डबा उघडायचाय. आणि ते कपाट... राहू दे तिथेच. चल आता!"

"एवढा सांगूक सात महिने लागले तुका?" दौलतकाका कुरकुरत उठले, पण उठले भराभर.

दोघांना एकत्र जिना चढताना पाहून मृणालिनीबाई न बोलावता बाहेर आल्या. गॅलऱ्यांतून डोकी डोकावली. खाली कचेरीत खट्, खट्, खट्! तीन कुलपं निघाली.

डब्यात बिल्डरांची एकही निविदा नव्हती. तीन लहान पाकिटं होती फक्त.

पहिल्यावर सोनेरी सील होतं. मृणालिनीबाईंनी ते हिसकावून घेतलं आणि उघडलंसुद्धा. "अगं बाई! ही तर माझ्या भाचीच्या, अपेक्षाच्या लग्नाची पत्रिका! लग्न फेब्रुवारीत होऊन गेलं. आमंत्रण नाही म्हणून मी दादरच्या सख्ख्या भावाशी बोलत नाहीये, वसंतराव!"

"सील होतं हो त्यावर..." वसंतराव पुटपुटले.

दुसरंही सीलबंद, दौलतकाकांचं. आत वेड्यावाकड्या अक्षरात त्यांच्या नातीने वाढदिवसाला पाठवलेलं भेटकार्ड. ते चष्मा काढून पुसत राहिले.

"आणि हे आमचं!" मनवाने लाल सीलाकडे बोट दाखवलं. "काका, साडेपाच झाले!"

"पण सभेशिवाय—"

"सभा सुरू!" मृणालिनीबाई गरजल्या. "मी अध्यक्ष. अर्धी चाळ हजर आहे. ठराव मंजूर. सभा संपली. ते पत्र कुशाबांना द्या आधी!"

तिघं दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. कुशाबांनी पत्र हातात घेतलं. वरचं अक्षर बघितलं. पातळ सुरीचं पातं सीलाखाली सरकवून त्यांनी वीणा अख्खीच्या अख्खी सुटी केली आणि खिडकीपाशी जाऊन वाचायला लागले. पहिलं पान. दुसरं पान. पुन्हा पहिलं! घड्याळात पावणेसहा. पुष्करने मनवाचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं पांढरी पडली.

"आजोबा," ऋतिका कुजबुजली, "सहा वाजता त्या..."

कुशाबांनी हात पुढे केला. मनवाने फोन लावून दिला. या वेळी वाजला.

"बाई, कुशाबा बोलतोय," ते म्हणाले. "शनिवारी पेटीवर तुमचा सूर काळी चारच ना?"

पलीकडून ताईआजींचा खणखणीत आवाज आला. "दुसरा कुठला असणार?"

पुष्करने अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं पडलं.

तेवढ्यात वसंतराव धापा टाकत दारात आले. हातात फोडलेलं मोठं पाकीट आणि अर्ज. "'कुशाबांचं पत्र चुकून डब्यात पडलं आहे, ते आज सहाच्या आत द्यावं, ही विनंती.' एवढंच?" त्यांनी तिघांकडे रोखून पाहिलं. पुष्कर मनवाच्या मागे सरकला. "सबंध नोकरीत इतका मुद्देसूद अर्ज पाहिला नाही मी! शाब्बास! यापुढे सदस्यांचं टपाल ज्याच्या त्याच्या हातात. लिहून लावतो फळ्यावर."

"आधी पोरांना सरबत तरी द्या!" मागून मृणालिनीबाई म्हणाल्या. "आपण तिघं मोठी माणसं डब्यावर बसून राहिलो, आणि उघडला यांनी!"

कुशाबांनी पेटीवरचं फडकं काढलं आणि मनवाच्या डोक्यावर हात ठेवला.

"तीस वर्षं बाईंच्या मागे बसून वाजवत आलो, पोरी. नेहमी पाठच दिसायची," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा, या पत्रातून, त्या माझ्याकडे तोंड करून बोलल्या."