आईची खोली – सुरू आहे

‘मला बोलू दिलं नाहीत ना... मग एक दिवस मीही कुणाला बोलू देणार नाही.’

ताईच्या सासूबाई हे म्हणाल्या, तेव्हा ताई त्यांचे केस विंचरत होती. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस. वर औषधांची गुंगी. बोलतात काहीबाही.

ही ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिच्या घरात घडलं ते तिने मला जसं सांगितलं तसंच लिहितेय. शेवटचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझी मुलगी आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे. तिच्या डोक्यावर हात असताना मी खोटं लिहिणार नाही.

आणि भुतं रात्रीचीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगते. ती रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, आणि बोळातून आत गेलं की मागची खोली. त्या खोलीत सासूबाई पडून असायच्या. पायांतलं बळ गेलं होतं, पण आवाज खणखणीत होता. पाणी हवं, हाक. कूस वळवायची, हाक. काही नको असलं तरी हाक. ‘राजा... ए राजा...’

राजा म्हणजे आमचे भावोजी. नोकरी विमा कंपनीत, पण घरात काही बिघडलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन हे पुढे. सासरचे सगळे त्यांना वायरमन म्हणायचे. ‘दुरुस्त वस्तू द्या, बिघडवून मिळेल,’ असं ताई हसून म्हणायची.

घरून काम सुरू झालं आणि त्या हाका त्यांना जड जायला लागल्या. हॉलमध्ये साहेबांशी बोलणं चालू, आणि आतून आईची हाक. लोक विचारायचे, कोण ओरडतंय?

मग वायरमननी डोकं चालवलं. हॉलमध्ये त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याला स्पीकरच्या दोन जोड्या लागायच्या, त्यासाठी ए आणि बी अशी दोन बटणं. एची जोडी हॉलमध्ये. बीची वायर त्यांनी छताच्या कडेने, भिंतीतून भोक पाडून मागच्या खोलीत नेली. आईच्या उशाशी स्पीकर ठेवला. आणि दिवसभर बासरी. एकच बासरी. संथ.

बी बटण कुणी चुकून बंद करू नये म्हणून ते दाबून त्यावर चिकटपट्टी लावली.

कुणी विचारलं की म्हणायचे, ‘आईला बरं वाटावं म्हणून लावलंय.’

लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

सासूबाई हाका मारायच्याच. पण बासरीच्या वर त्यांचा आवाज जायचा नाही. ताईने दोनदा-तीनदा ते बंद केलं. भावोजींनी पुन्हा लावलं. ताईला तेव्हा सातवा महिना होता. तीही दमलेली असायची. किती भांडणार?

एका सकाळी ती तपासणीला गेली होती. परत आली तर दारातच बासरी ऐकू आली. भावोजी हॉलमध्ये लॅपटॉपसमोर. ती आत गेली.

पाण्याचा पेला जमिनीवर पडलेला. पाणी नव्हतंच त्यात.

सासूबाईंचं तोंड उघडं होतं.

हाक अर्ध्यावर राहावी तसं...

बाळ झालं. मुलगा. सगळे त्याला पिल्लू म्हणायचे. मागची खोली रस्त्यापासून लांब, म्हणून पाळणा तिथे लागला. उशाशी असलेला स्पीकर भंगारवाल्याला दिला होता. बीच्या वायरीचं टोक तेवढं भिंतीतून बाहेर लोंबत होतं. भावोजींनी ते टेप गुंडाळून पाळण्यामागे सरकवलं. अ‍ॅम्प्लिफायरवर चादर पडली.

पिल्लू पहिल्यापासून दूध वर काढायचं. एकदा तर झोपेत उलटी घशात अडकली आणि पोर निळं पडलं. डॉक्टरांनी ताईला समजावलं होतं. काही वाटलं की लगेच कुशीवर वळवायचं. घाबरू नका, पण कान उघडे ठेवा.

तेव्हापासून ताई म्हणजे नुसते कान होती. मिक्सर लावायची नाही. नळ बारीक सोडायची. फोनवर माझ्याशी बोलतानाही मध्येच म्हणायची, ‘थांब गं.’ आणि श्वास धरून ऐकायची.

अशा घरात त्या रविवारी भावोजींनी एक खोकं आणलं.

आत काळा, चपटा डबा. पाटीएवढाही नाही. इंटरनेटवरची गाणी घरातल्या मोठ्या स्पीकरवर वाजवणारा स्ट्रीमर.

ताईने विचारलं, आत्ताच कशाला? भावोजी म्हणाले, ‘अगं, आई जाऊन वर्ष होत आलं. आता घरात गाणं वाजायचंच नाही का?’

पोटात जेवण होतं, पाळण्यात पिल्लू झोपलं होतं. ती म्हणाली, हळू आवाजात लावा. आणि भांडी आवरायला गेली.

चादर निघाली. धूळ उडाली. स्ट्रीमरची लाल-पांढरी पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे खोचली. एक वायर राउटरला. मग विजेची पिन एक्स्टेन्शन बोर्डात.

डब्यावर बारीक लाल दिवा लागला. मिचमिचला. पांढरा झाला.

फोनवरच्या अ‍ॅपने विचारलं, हा डबा कोणत्या खोलीत आहे? भावोजींनी लिहिलं, ‘हॉल’.

चाक फिरलं. शोधतोय... शोधतोय...

आणि पडद्यावर दोन ओळी आल्या.

‘हॉल – सुरू आहे.’

‘आईची खोली – सुरू आहे.’

भावोजींनी तिला बोलावून दाखवलं. म्हणाले, शेजाऱ्यांचं काहीतरी दिसतंय. त्यांनाही आई असेलच की. त्यांनी ती ओळ पुसली.

ती परत आली.

पुन्हा पुसली. पुन्हा आली. मग त्यांनी नाद सोडला आणि एक जुनं गाणं लावलं. खरंच हळू लावलं होतं. ताईला स्वयंपाकघरात कढईवर चमचा घासल्याचा आवाज नीट येत होता. खालच्या पाइपचंही पाणी ऐकू येत होतं.

सगळं ऐकू येत होतं.

मग हे काय चुकतंय?

तिच्या हातातली कढई तशीच राहिली. पिल्लू झोपेत घुरघुरायचं. तो आवाज तिला भिंतीपलीकडूनही कळायचा. तो येत नव्हता.

ती धावली.

पाळण्यात पिल्लू रडत होतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गालांवर पाणी. हनुवटीवरून दूध ओघळत होतं. तोंड सताड उघडं...

आणि आवाज नाही.

एवढासाही नाही.

तिने त्याला उचललं, कुशीवर वळवलं, पाठ थोपटली. दूध बाहेर आलं. पोर जिवाच्या आकांताने रडतंय हे तिच्या हातांना कळत होतं. छाती थडथडत होती. पण कानांना काही कळत नव्हतं. तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली.

तिचाही आवाज आला नाही.

त्या खोलीत फक्त हॉलमधलं गाणं येत होतं. स्वच्छ. उशाशी वाजावं तसं.

ती पोराला छातीशी धरून हॉलमध्ये गेली आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर भिंतीतून उपटली. गाणं तुटलं.

त्याच क्षणी पिल्लाचं रडणं घरभर फुटलं. मागच्या गॅलरीतली कबुतरं उडाली.

भावोजी म्हणाले, तुझी झोप होत नाही, तुला भास होतात. तिने अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट केलं. बी बटण अजून दाबलेलंच होतं. वर्षापूर्वीची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण हलली नव्हती.

‘काढा ती,’ ताई म्हणाली.

भावोजींनी नखाने कड उचलली. आणि तेवढ्यात...

बासरी.

बोर्ड जमिनीवर पडलेला. डब्यावरचा दिवा विझलेला. तरी मागच्या खोलीतून बासरी येत होती. तीच. संथ.

पिल्लू रडायचं थांबलं. मान वळवून ते बोळाकडे बघायला लागलं.

मग बासरीच्या खालून, खूप खालून, दुसरं काहीतरी आलं.

‘राजा... ए राजा... पाणी...’

ताई भित्री आहे. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. पण काखेत पोर असलं की बाई वेगळी होते. ती बोळात गेली. दारात उभी राहिली. पाळण्यामागून त्या वायरीचं टोक बाहेर आलं होतं. टेप सुटला होता.

ती म्हणाली, ‘आई, बोला. ऐकतेय मी. पण माझ्या लेकराला हात लावू नका.’

बासरी थांबली.

वायरीतून आवाज आला. खणखणीत. तसाच.

‘तू नको. त्याला पाठव.’

बस. एवढंच मागितलं होतं. पेलाभर पाणी घेऊन दारापर्यंत यायचं. ताईने स्वयंपाकघरातून पेला भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाली, ‘अहो, जा. काही बोलू नका, नुसते जाऊन उभे राहा. आपल्या पोरासाठी जा.’

भावोजींनी पेला घेतला. दोन पावलं टाकलीसुद्धा. आतून पुन्हा हाक आली. या वेळी हळू, लहान मुलाला बोलवावं तशी...

‘आलास का रे, राजा?’

पेला खाली पडला. ते मागे वळले, बोर्डाची पिन भिंतीत खुपसली, आणि ताईने अडवायच्या आत आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवलं.

पुन्हा तेच केलं त्यांनी. जे तेव्हा केलं होतं, तेच.

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ताईने पोराच्या कानांवर हात दाबले. खाली गाडी धुणारा माणूस वर बघायला लागला.

मग गाणं आपोआप थांबलं.

घर शांत झालं. खोल विहिरीसारखं.

भावोजी ताईकडे वळले. हसायचा प्रयत्न केला. काहीतरी म्हणाले. ओठ हलले.

पुन्हा म्हणाले.

तोंड सताड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या...

आणि आवाज नाही.

त्यांना कितीतरी डॉक्टरांना दाखवलं. घशात नळी घालून झाली, डोक्याचे फोटो झाले. सगळे म्हणतात, घसा ठणठणीत आहे. मनावर घेतलं असेल, येईल हळूहळू.

आला नाही.

नोकरी सुटली. मग चालणंही कमी झालं. पायांतलं बळ गेलं म्हणे. त्यालाही कारण सापडलं नाही. त्या दिवसानंतर पिल्लाला मात्र काही झालं नाही. दूध वर काढणंही थांबलं. आता पावलं टाकतं. गुटगुटीत आहे.

मागच्या महिन्यात मी मुलीला घेऊन ताईकडे गेले होते. दुपारीच. ताई छान दिसत होती. केस नीट बांधलेले, अंगावर इस्त्रीची साडी. बऱ्याच दिवसांनी मनमोकळी हसत होती. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. पोरं हॉलमध्ये ठोकळे खेळत होती. तो काळा डबा मी तिथेच, होता त्या जागी पाहिला. दिवा पांढरा होता. मला वाटलं, गेलं असेल सगळं. माणसं सावरतात.

मग मागच्या खोलीतून आवाज आला.

पेल्यावर चमचा आपटल्याचा. टिंग... टिंग... टिंग...

मी म्हटलं, ‘ताई, भावोजी बोलावतायत वाटतं.’

ती ओट्यावरचा फोन हातात घेत म्हणाली, ‘हो, दिवसभर चालू असतं त्यांचं.’

मी उठायला लागले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. थंडगार होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने फोनवर काहीतरी वर सरकवलं.

मागच्या खोलीत बासरी सुरू झाली.

संथ.

चमचा ऐकू येईनासा झाला.

फोनच्या पडद्यावर एकच ओळ होती. मी ती वाचली. तुम्हाला ती माहीत आहे.

‘ताई,’ मी म्हटलं, ‘हे काय?’

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली. आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

‘त्याला बरं वाटावं म्हणून लावलंय.’

ताई कधीच नवऱ्याला एकेरी बोलत नाही.

मी मुलीला उचललं आणि निघाले. चपला हातात घेऊन जिना उतरले. त्यानंतर रोज फोन करते. ताई उचलते, छान बोलते, पिल्लाचं कौतुक सांगते. मागे बासरी चालू असते. मी तिला म्हणते, एकदा बंद कर ना, मला भावोजींशी बोलायचंय. ती हसते. म्हणते, बोलणार काय तो?

मला पुन्हा तिथे जायचं धाडस होत नाही. माझ्या कडेवर पोर आहे. पण झोपही लागत नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. वाचताना तुमच्या घरात गाणं चालू असेल, टीव्ही चालू असेल, तर आत्ता बंद करा. नुसते बसा आणि ऐका.

काही ऐकू आलं नाही तरी उठा.

मागच्या खोलीत जे कुणी आहे, त्यांना एकदा बघून या. जाताना पेलाभर पाणी न्या.