सरकारचा पहिला हक्क

"मॅडम, सरकारनं माझे पैसे नेले. आणि कचेरीत म्हणतात, आम्ही कुणाला पाठवलंच नाही!"

वेदिका देवरे सांगत होती. सातपूरच्या त्या खोलीत वडिलांचा फोटो आणि ती, दोघंच. फौजदार तेजस्विनी शेवाळे सतरंजीवर टेकल्या. वडिलांचा दहावा झाला होता, तेरावा व्हायचा होता. पण घरात नातलग म्हणावा असा एकही माणूस नव्हता.

"तो काय म्हणाला?"

"आधी फोन करून विचारलं, विम्याचे पैसे जमा झाले का. मग घरी येऊन म्हणाला, बाबांकडे सरकारी थकबाकी आहे, विम्याच्या पैशांवर पहिला हक्क सरकारचा. मी बँकेतून काढून सगळे दिले. तेवढ्यावरच माझं नर्सिंगचं शिक्षण होतं."

"दिसायला कसा?"

"तिशीतला. डोक्यावर क्रिकेटची टोपी. घामानं निथळत होता, पण काढली नाही. फोटोला हात जोडले, चहा प्यायला..." तिनं फोटोकडे पाहिलं. "बाबा गेल्यापासून माझ्या हातचा चहा घेणारा तो एकटाच."

विमा एजंट लखन दारात उभा होता. पैसे आल्याची खबर त्याला होतीच, म्हणून तेजस्विनींनी त्यालाच बोलावलं होतं. केस दाट, वय पन्नाशीचं. वेदिकानं चहा पुढे केला तसा तो संकोचला.

"नको ताई. सुतक आहे ना अजून."

तेजस्विनींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"पॉलिसी काढली तेव्हा साक्षीदार कोण होतं?"

"यांचे सख्खे चुलते, सावळीराम. देवळा गावचे. पुढे भावाभावांत फाटलं."

"मी त्यांना कधी पाहिलंच नाही," वेदिका म्हणाली. "मयतालाही कुणी आलं नाही."

"जीपमध्ये बस," तेजस्विनी म्हणाल्या.

देवळ्याच्या घराचं दार एका तरुणानं उघडलं. डोक्याचा नुकताच गोटा केलेला. वेदिका किंचाळली, "हाच तो!"

धान्याच्या कणगीत पैशांची पिशवी सापडली. सावळीरामचा मुलगा रविराज भिंतीला टेकून खाली बसला.

"परका माणूस सुतकाच्या घरी चहा घेत नाही," तेजस्विनी म्हणाल्या. "तू बेधडक घेतलास, कारण सुतक तुलाही होतं. बोलणं तुटलं तरी भाऊबंदांचं सुतक सुटत नाही. दहाव्याला तू डोक्याचा गोटा केलास, म्हणून टोपी निघेना. विम्याची माहिती तुझ्या बापाकडून मिळाली. पैसे आले का, ते या पोरीलाच फोनवर विचारलंस, सरकारी साहेब होऊन."

"आजीनं बसवलं डोकं करायला," रविराज पुटपुटला. "काकानं जमिनीतला आमचा वाटा विकला व्हता. त्येच वसूल केलं. लय राग व्हता मनात."

वेदिका पिशवीकडे गेलीच नाही. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. लहानपणापासून तिला कुणी भाऊ नव्हता.

"माझ्या बाबांसाठी केस काढलेस," ती म्हणाली. "मग खांदा द्यायला का नाही आलास? त्यांच्या कारखान्यातल्या चार परक्यांनी नेलं रे त्यांना."

 तेजस्विनींनी बेड्या बाहेर काढल्या. वेदिका मात्र तशीच बसून उत्तराची वाट पाहत राहिली.